दोन आवाजांमधला खड्डा

टेबलावर हे दोन सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणारी वाद्यं, दिसतायत ना, दोन्ही घरीच बनवलेत, एक डब्यात बसलाय आणि दुसरा अजून ब्रेडबोर्डवरच आहे, म्हणजे सोल्डर न करता नुसते पार्ट खोचायच्या पाटीवर. दोन्हींत एकच आयसी (चिप), सीडी४०१०६. आत सहा इन्व्हर्टर असतात, घरातले नाहीत, सिग्नल उलटा करणारी छोटी सर्किटं, एकेकाला एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर लावला की तो आपोआप सूर धरतो. पुण्यात तापकीर गल्लीत एक चक्कर मारली की सगळं सामान मिळतं.

मला हवा होता एक नॉब. डावीकडे नेला की पहिला सिंथ, उजवीकडे नेला की दुसरा, आणि मधे एक विरत जातोय तोवर दुसरा वर येतोय. क्रॉसफेड.

पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, १० के (किलोओहम) चं लिनियर पॉट, म्हणजे नॉबच्या प्रमाणात बदलणारा तीन पिनांचा रेझिस्टर, दोन सिंथ टोकाच्या पिनांना, मधल्या पिनेवरून आउटपुट. आता ऐका, नॉब मधोमध येतोय... इथे. आवाज बसला बघा! मधे दोन्ही सिग्नल अर्धे होतात, आणि दोन वेगळे सूर अर्धे अर्धे मिळून एका पूर्ण आवाजाएवढे होत नाहीत, ३ डीबीचा (डेसिबलचा) खड्डा पडतो. शिवाय नॉब टोकाला नेला तरी दुसरा सिंथ मागून झिरपतोच, कारण शॉर्टपासून वाचायला प्रत्येकाच्या आउटपुटला मी १ के चा रेझिस्टर लावलाय, आणि त्यामुळे दुसऱ्याचा बाराव्या भागाएवढा सिग्नल उरतो.

मग पॉटची जोडणीच उलटी केली, आणि मला ही सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. मधली पिन थेट ग्राउंडला! सिंथकडून १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग १५ के, मग पॉटची टोकाची पिन, आणि त्याच पिनेवरून अजून एक १५ के निघून टीएल०७२ च्या (एका चिपमधे दोन ऑपअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी सर्किटं) २ नंबर पिनेला, दुसरी बाजू पण सेम तशीच, तिथेच येऊन मिळते. पिन १ ते २ मधे ४७ के, पिन ३ ग्राउंड. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे, त्यांचा मधला जोड म्हणजे आपलं ग्राउंड, पिन ८ ला प्लस, ४ ला मायनस. उरलेला ऑपअँप मोकळा सोडू नका, पिन ६ आणि ७ जोडा आणि ५ ग्राउंडला द्या.

आता नॉब ज्या टोकाला जाईल तिकडचा सिंथ सरळ ग्राउंड होतो, म्हणजे गप्प. आणि १५ केच का, तर रेझिस्टर पॉटच्या साधारण १.४ पट घेतला की मध्यावर प्रत्येक सिग्नल अर्धा न होता ७० टक्के राहतो, आणि दोन्ही मिळून खड्डा भरून निघतो.

पॉट घेताना मात्र त्यावर बी, म्हणजे लिनियर, छापलंय का ते बघाच. मला एकदा ए छापलेलं, म्हणजे लॉगवालं मिळालं, आणि नॉब बराच फिरवूनही काही बदलतच नव्हतं, अर्धा दिवस मी सोल्डरिंगच तपासत बसलो होतो.

हं, ऐका. पहिला... आता दुसरा येतोय... आणि हे बरोब्बर मधे. दोघांचे सूर किंचित हलवलेत, म्हणून ही लाट ऐकू येतेय. मघाशी आवाज इथेच बसत होता.