जिल्हा पानावरची बातमी आणि गावातला धंदा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यातल्या बातम्यांना पंचांग आहे. मृग निघाला की बियाणं उगवलं नाही, दुबार पेरणीचं संकट. ऑगस्टात पावसाचा खंड. सोयाबीन काढणीला आलं की पाऊस, शेतात गंजी भिजल्या. दिवाळीच्या सुमारास खरेदी केंद्रावरून ओलावा जास्त म्हणून माल परत. मग ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, आणि होळी झाली की हंडे आणि टँकर. वर्षभराची जिल्हा पानं एकापुढे एक ठेवून वाचली, तर गावांची नावं बदलतात, महिने बदलत नाहीत.

पुण्याला जावं की गावातच काही करावं या पेचात असलेल्या मुला-मुलींशी आज मला बोलायचं आहे. एखादी बातमी दरवर्षी त्याच महिन्यात येत असेल, तर त्या अडचणीपायी कुणाचे तरी दरवर्षी पैसे जात असतात. कुणाचे जातात, किती जातात, आणि एवढे घालूनही त्याचं काम नीट होतं का, हे ज्यानं शोधलं त्याला धंदा सापडतो. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, देशभर गाजली. पण गावच्या नळयोजनेची मोटार जळाली, आठ दिवस पाणी नाही, ही चार ओळींची बातमी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून सारखी येते. उद्योग शोधणाऱ्यानं या चार ओळींवर बोट ठेवावं.

आता सोयाबीनचं बघू, कारण ते आपल्या बहुतेक घरांत आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा ढीग लागला. पंचनामे झाले, काही कंपन्यांवर गुन्हे दाखल झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कंपन्यांचा दोष होता तिथे होताच. पण या सगळ्याची एक बातमी आदल्या ऑक्टोबरातच छापून आली होती: ऐन काढणीत पाऊस, सोयाबीन भिजलं. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणजे ऑक्टोबरची बातमी नीट वाचणाऱ्याला जूनची अडचण आठ महिने आधी कळू शकते, आणि तयारीला आठ महिने म्हणजे पुष्कळ वेळ आहे.

सोयाबीनच्या दाण्याचं कवच फार पातळ. मळणी यंत्राचा वेग जास्त राहिला, पोतं उंचावरून आदळलं, एकावर एक दहा-बारा पोत्यांची थप्पी लावली, की आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोरा दिसतो, मातीत गेला की कुजतो. एकरी तीस किलो बियाणं, त्यावर खत, त्यावर पेरणीची मजुरी, आणि बारा दिवसांनी मोकळं रान. ज्यानं दुबार पेरणी केली आहे त्याला यावर अधिक काही सांगायला नको.

सोयाबीन हे स्वपरागित पीक आहे, म्हणजे त्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून वाण सहसा बिघडत नाही. एकदा प्रमाणित बियाणं आणलं, की पुढची दोन वर्षं घरचंच निवडून पेरता येतं. तरी आपला शेतकरी घरचं सोयाबीन अडतीवर विकतो आणि जूनमध्ये दुप्पट किंवा त्याहून जास्त भावानं पिशवी आणतो. का? घरचं उगवेल याची त्याला खात्री नसते. ही खात्री करून देणं हाच गावातला धंदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याला लागतं काय? स्पायरल सेपरेटर नावाचं एक यंत्र मिळतं. उभ्या खांबाभोवती गोल फिरत खाली येणारी पत्र्याची पन्हळ. वरून सोयाबीन सोडलं की गोल, भरीव दाणा वेगानं घरंगळत बाहेरच्या कडेला जातो. चपटा, फुटका, सुरकुतलेला दाणा आतल्या बाजूनं उतरतो. वीज लागत नाही, छोट्या टेम्पोत बसतं, खळ्यावर नेता येतं. क्विंटलमागे दर ठरवायचा.

दुसरं काम उगवण तपासणीचं, आणि ते बचत गटातल्या बायका उत्तम करतील. गोणपाट धुऊन भिजवायचं, अंथरायचं. पोत्याच्या वर-खाली-मधून काढलेल्या बियाण्यातले, न निवडता, शंभर दाणे मोजून घ्यायचे आणि दहा-दहाच्या ओळीत मांडायचे. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्यावर आले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. साठ आले तर त्या प्रमाणात एकरी बियाणं वाढवायचं. पन्नासच्या खाली आले तर ते विकून टाकलेलं बरं. निकालाची चिठ्ठी द्यायची: शेतकऱ्याचं नाव, वाण, तारीख, शंभरपैकी किती. अनेक घरांत ही तपासणी होत नाही, कारण जूनच्या तोंडावर कुणाला सवड नसते. ज्या कामाला लोकांना सवड नसते त्याचे लोक पैसे देतात.

एक सावधगिरी. स्वतःचं नाव छापून पिशवीबंद बियाणं विकायचं तर परवाना लागतो. त्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नका. शेतकऱ्याचं त्याचंच बियाणं चाळून, तपासून देणं ही सेवा आहे. घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, ब्रँड न लावता दुसऱ्याला देण्या-विकण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं दिलेला आहे.

आता दिवाळीची बातमी. हमीभावानं खरेदीची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ मध्ये केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती. आपला माणूस टेम्पो भाड्यानं करून केंद्रावर जातो, तिथे मीटर लावतात, मॉइश्चर जास्त येतं, आणि तोच माल घेऊन परततो किंवा वाटेत अडतीवर मिळेल त्या भावानं टाकतो. टेम्पोचं भाडं गेलं, दिवस गेला, भावही गेला. गावातच कुणाकडे ओलावा मापक असेल, भाड्यानं ताडपत्री मिळेल, चाळणी आणि पंखा मिळेल, तर हा फेरा वाचतो. हळदीत हे घडलेलं आहे. वसमत भागात हळद शिजवायचे वाफेचे कुकर ट्रॅक्टरमागे शेतोशेत फिरतात. कढईपुढे रात्र जागणाऱ्या घरांनी ते आनंदानं बोलावले.

टँकरच्या बातमीबद्दल मात्र मला मनापासून काही सांगायचं आहे. टँकरचा धंदा चालतो, चांगला चालतो. पण ज्याची कमाई टंचाईवर आहे, त्याला गावची योजना सुरू झालेली परवडत नाही. सावकारीचंही तसंच. अशा धंद्यात आपल्या मुलांनी पडू नये. त्याच बातमीत दुसरं काम आहे: मोटार, व्हॉल्व्ह, गळती, क्लोरिन यांची देखभाल, दहा-बारा गावांनी मिळून एका जोडीला दिलेली. जलजीवन मिशनमधून पाइप पडले, ते चालू ठेवायला माणूस पाहिजे. फक्त ग्रामपंचायतीचं बिल उशिरा निघतं, हे धरून चाला आणि तीन-चार महिने तग धरता येईल एवढी रक्कम हाताशी ठेवा.

काही बातम्यांत धंदा शोधूच नये. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या कुटुंबांची मुलं, मागे राहिलेली म्हातारी माणसं: तिथे शाळा, वसतिगृह, दवाखाना ही शासनाची जबाबदारी आहे. ती पैसे देऊन विकत घ्या असं त्या माणसांना सांगणं अन्याय आहे. अशी बातमी वाचली तर ग्रामसभेत उठून बोला.

बातमी कळली, आता विचारपूस. “मी असं सुरू केलं तर घ्याल का?” असं विचारू नका. आपल्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. चहा पाजून “कर बाबा, चांगलंय” म्हणतात. “काका, गेल्या साली काय केलंत? किती गेले?” असं विचारा. आकडा सांगताना माणूस तळमळून बोलायला लागला, तर ते गिऱ्हाईक खरं.

पहिल्या हंगामात यंत्र विकत घेऊ नका, कर्जही काढू नका. शेतकरी उत्पादक कंपनीकडे किंवा अवजारे बँकेत पडून असलेलं यंत्र भाड्यानं चालवून बघा. दुसऱ्या वर्षी तीच माणसं पैसे देऊन परत आली, की मग जिल्हा उद्योग केंद्रात जा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहे. तिथल्या प्रशिक्षणाचा फायदा घ्या. तोपर्यंत तुमच्या वहीत नावं आणि आकडे असतील, आणि बँकेत बोलायला ते फार कामाला येतात.

सुरुवात कुठून करायची विचाराल, तर १८ मेला परभणीला कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा असतो. बियाण्यासाठी लोक लांबून येऊन रांगेत उभे राहतात. वही घेऊन त्या रांगेशी जा, आणि घरचं सोयाबीन का पेरत नाही, हे एकेकाला विचारा.

नमस्कार.