श्री. व सौ. आइनस्टाइन यांचा पलंग

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हांला एक पलंग दाखवायचाय. रेडिओवरून पलंग दाखवायचा म्हणजे पंचाईतच, पण बघू जमतंय का. करड्या मातीचा छोटासा पलंग. माती भाजलेलीसुद्धा नाही, नुसती वाळवलेली. त्यावर एक जोडपं शांत पडलंय. बस्स, एवढंच. एखाद्या पोरानं दुपारी बसून केलं असावं, तसं काम. मग आपण शिल्पाचं नाव वाचतो: 'आपला अलौकिक बुद्धीचा पुत्र अल्बर्ट याची गर्भधारणा झाल्यानंतर थोड्याच वेळाने श्री. व सौ. आइनस्टाइन'.

अल्बर्टचा जन्म 14 मार्च 1879 चा, जर्मनीतल्या उल्म गावी. म्हणजे हिशेब केला तर ही रात्र 1878 च्या जूनच्या आसपासची. विज्ञानाच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण, आणि त्या दोघांना त्याचा पत्ताच नाही! ती आपली डाराडूर.

हे करणारेही दोघंच. पेटर फिश्ली आणि दाविद वाइस, दोघंही स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिचचे. 1979 साली त्यांनी एकत्र कामाला सुरुवात केली ती सॉसेज आणि मांसाचे काप मांडून, त्यांचे फोटो काढून. मांसाच्या कापांचे गालिचे केले, आणि गालिच्याचं दुकान थाटलं! दोन मोठी माणसं दिवसभर असले उद्योग करतात, हेच मला आधी आवडलं. एकट्यानं केलं तर लोक वेडा म्हणतील. दोघांनी केलं की त्याला प्रकल्प म्हणतात.

पुढं त्यांनी सोंगं घेतली. एक झाला घूस, दुसरा पांडा अस्वल. त्या वेषात लॉस एंजेलिसमध्ये एक चित्रपट केला. घूस आणि अस्वल यांना कलेच्या धंद्यात पैसा करायचा असतो, प्रतिष्ठा हवी असते. ते काही जमत नाही. मग ते काय करतात? जगाचा अर्थ लावायला बसतात. आणि अर्थ लावायचा म्हणजे आकृत्या काढायच्या!

1981 मधली ही आकृत्यांची पुस्तिका, नाव 'सुव्यवस्था आणि स्वच्छता', माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली आहे. शाळेत आपल्याला सांगायचे ना, सुबक आकृती काढून भागांना नावे द्या? बेडकाचं हृदय असो की वाफेचं इंजिन, नावं दिली की गुण मिळाले. इथं घूस आणि अस्वल अख्ख्या जगाच्याच भागांना नावं देऊ पाहतात. विज्ञानाची टिंगल त्यात आहेच, कलेचीही आहे. पण मला वाटतं खरी टिंगल आहे ती आपल्या हव्यासाची. कागदावर एक बाण ओढला, की इकडून तिकडे काहीतरी जातंय अशी आपली खात्रीच पटते.

सुरुवातीचा पलंग ज्यातला, ते मातीचं काम त्याच वर्षीचं. 'अचानक हा आढावा' असं त्याचं नाव, आणि सुमारे दोनशे शिल्पं. एकात डॉक्टर हॉफमन, म्हणजे एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य तयार करणारे शास्त्रज्ञ, त्याच एलएसडीच्या पहिल्यावहिल्या अमलाखाली आहेत. दुसरीकडे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे मिक जॅगर आणि ब्रायन जोन्स, समाधान मिळत नाही म्हणणारं गाणं रचून, अगदी समाधानानं घरी चाललेत! असा आढावा कुणाला पुरा पडणार? महत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं, सगळं एकाच मातीचं, एकाच रंगाचं. आणि न भाजल्यामुळं धक्का लागला की तुटणारं.

1987 चा त्यांचा तीस मिनिटांचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. टायर घरंगळतो, तो फळीला लागतो, फळी पडते, कुठंतरी फेस उसळतो, काहीतरी पेट घेतं. त्यावर निराळं भाषण करता येईल, आज नको.

आज त्यांचे प्रश्न सांगतो. 2003 साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी अंधाऱ्या खोलीत भिंतींवर हस्ताक्षरातले शेकडो प्रश्न उमटवले, आणि सुवर्णसिंह हा तिथला पुरस्कार मिळवला. विद्वानांचे प्रश्न नव्हते ते. रात्री झोप लागत नाही तेव्हा पडतात, तसले. 'सुखाला माझा पत्ता सापडेल का?' मग तो विरायचा, दुसरा यायचा. 'काहीच घडत नाही, असं कधीच का घडत नाही?' तोही विरायचा.

वाइस 2012 साली गेले.

आणि त्याच भिंतीवर, सुखाच्या प्रश्नाइतक्याच गंभीर अक्षरात, आणखी एक प्रश्न होता: 'अजून एखादी बस आहे का?'