ताण तारेत, वाक हलमध्ये

नांगरलेली शिडाची बोट पाण्यावर स्वस्थ दिसते. तिच्या अंगावर मात्र अहोरात्र जोर चाललेला असतो. डोलकाठीला पुढून धरणारा तारेचा फोरस्टे नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) वर ओढतो, मागून धरणारा बॅकस्टे पिछाडीला. दोन्ही बाजूंच्या श्राउडच्या तारा कडांना वर आणि आत खेचतात. या सगळ्या तारांचा एकवटलेला दाब डोलकाठी बोटीच्या पोटात उतरवते. तो पुष्कळदा बोटीच्या वजनाइतका असतो, जोराच्या वाऱ्यात त्याहूनही जास्त. टोकं वर, मध्य खाली: प्रत्यंचा चढवलेल्या धनुष्यासारखी बोट वाकते.

थोडं वाकणं प्रत्येक बोटीच्या नशिबी आहे. काळजी वाटते ती जुन्या फायबरग्लास बोटींची.

१९५९ साली २८ फुटी पिअर्सन ट्रायटन न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात आली आणि शिडाच्या बोटी साच्यातून भराभर निघू लागल्या. त्या काळचे हल, म्हणजे बोटीची बाहेरची कवचं, जाडजूड. मालक आजही ती जाडी अभिमानानं दाखवतात, आणि तो अभिमान रास्त आहे. पण मजबुती वेगळी, ताठपणा वेगळा. काचेचा तंतू ॲल्युमिनियमइतका ताठ असतो. त्याचेच तुकडे चटईसारखे पसरून पॉलिएस्टर रेझिनमध्ये (सुकून घट्ट होणाऱ्या द्रवात) भिजवले, की जेमतेम दहावा हिस्सा ताठपणा उरतो. असा हल सहजी तुटत नाही, तो वाकतो. शिवाय वर्षानुवर्षं एकाच बाजूनं भार राहिला, तर रेझिन हळूहळू त्या आकारात बसतं.

खुणा आधी केबिनमध्ये दिसतात. बॅकस्टे आवळला की शौचालयाचं दार अडकतं. डोलकाठीच्या पायाभोवती डेक खोलगट होतो, जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, बारीक तडे जातात. बाहेर वाऱ्याआडच्या श्राउड लोंबतात, फोरस्टेला झोळ पडतो आणि बोट वारा येतो त्या दिशेच्या जवळून चालेनाशी होते.

इथे बहुतेकांचा हात तार आवळण्याच्या पेचाकडे, टर्नबकलकडे जातो. अजून दोन फेरे, मग आणखी दोन. माझ्या मते सर्वांत घातक सवय हीच. फेरे देऊनही तार ताणली जात नसेल, तर बोट वाकते आहे. हे तपासता येतं. एकोणीस धाग्यांच्या स्टील तारेवर २ मीटरची लांबी मोजून ठेवायची. ती १ मिलिमीटरनं वाढली, म्हणजे तारेत तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. टर्नबकल फिरतो आहे, पण ही लांबी वाढत नाही? मग ते फेरे हलनं गिळले.

किती गिळले, ते दोरी सांगते. केबिनमध्ये पुढून मागे बारीक दोरी बांधायची, एका टोकाला वजन टांगायचं आणि डोलकाठीच्या पायाशी उभी पट्टी धरायची. बॅकस्टे आवळताना दोरी आणि तळ यांतलं अंतर वाढतं, तेवढा वाक. तार सैल केल्यावर आकडा जागेवर आला, तर हल अजून लवचीक आहे. नाही आला, तर भार वाहून नेणारी साखळी कुठेतरी सुटली आहे.

ही साखळी म्हणजे एक बंद कडं: श्राउड, तिला बोटीशी जोडणारी धातूची पट्टी (चेनप्लेट), बोटीतली आडवी भिंत (बल्कहेड), डोलकाठीचा पाया आणि पुन्हा डोलकाठी. कडं शाबूत असेल तोवर बराचसा भार त्यातच फिरतो, हलच्या पातळ भागाला कमी त्रास होतो. बल्कहेडला हलशी जोडणारी फायबरग्लासची पट्टी सुटली, चेनप्लेटजवळचं प्लायवुड पाणी पिऊन कुजलं, किंवा डेकखालच्या आधारखांबाचा पाय बिल्जच्या (तळाशी पाणी साचतं त्या जागेच्या) ओलीत मऊ पडला, की सगळा जोर हलवर येतो. म्हणून दुरुस्तीही इथूनच. कुजकं लाकूड काढायचं, जुना रंग आणि रेझिन घासून स्वच्छ पृष्ठभाग मिळवायचा आणि काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीनं नव्यानं चढवायचे. हलवर बाहेरून थर चढवणं महाग आणि बहुधा निरुपयोगी.

दुरुस्ती झाल्यावर बोट पाण्यात उतरवून मगच तारा आवळाव्यात. जमिनीवर टेकूंवर उभ्या बोटीचा आकार वेगळा असतो, आणि तिथे लावलेला ताण पाण्यात तसाच राहत नाही. बंदरात उभी असताना बॅकस्टे थोडा सैल सोडला, तर रेझिनवरचा कायमचा भारही कमी होतो.