चार्जर हलका कसा झाला

श्रोतेहो, नमस्कार.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्या घरात रेडिओ होता, त्या घरात सेलचा खर्च वाचवण्यासाठी घेतलेला एलिमिनेटरही बहुधा असायचा. हातात घेतल्यावर जड लागणारा, लावल्यावर मंद गुणगुणणारा आणि तासाभरात कोमट होणारा तो डबा रेडिओला जेमतेम दोन-चार वॅट वीज पुरवत असे. आज सांगलीच्या बाजारात मिळणारा 65 वॅटचा चार्जर मुठीत मावतो आणि त्यावर लॅपटॉपही चालतो. मोबाइलच्या पडद्याविषयी आणि कॅमेऱ्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु घरगुती इलेक्ट्रॉनिक्समधला अलीकडचा सर्वांत खोल बदल, माझ्या मते, या मुठीतल्या वस्तूत आहे.

मारुती चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मध्यंतरी मी असा एक जुना एलिमिनेटर उघडून पाहिला. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी, चार डायोड आणि एक कपॅसिटर, एवढाच त्याचा संसार होता. शेताच्या बांधावरच्या ज्या रोहित्राला आपण डीपी म्हणतो, त्याचेच हे धाकटे भावंड. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. या संथ गतीमुळे प्रत्येक हेलकाव्यात लोखंडातले चुंबकत्व बराच वेळ वाढत राहते आणि ते सामावून घेण्यासाठी लोखंडही भरपूर लागते.

आपल्याकडच्या जुन्या विहिरींवर मोट असे, काही ठिकाणी राहाट असे. मोट सावकाश वर येते, म्हणून ती मोठी हवी आणि ओढायला बैलही दणकट हवेत. राहाटाची गाडगी लहान असतात. परंतु ती एकामागून एक येत राहिल्यामुळे पाटात पाणी वाहते राहते. नवा चार्जर म्हणजे अतिशय वेगाने फिरणारा राहाट आहे. तो भिंतीतल्या विजेला आधी एकाच दिशेने वाहायला लावतो, मग ट्रान्झिस्टर नावाच्या, झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बटणाच्या साहाय्याने तिचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो, आणि हे लहान लहान तुकडे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गाभ्यातून पलीकडे जातात.

मग हा वेग आणखी का वाढवला नाही? अडचण सिलिकॉनची, म्हणजे ज्या पदार्थाचे ट्रान्झिस्टर बनत त्याची होती. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना मधल्या क्षणी थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वेग वाढवला, की असे क्षणही वाढतात आणि चार्जर तापतो. गॅलियम नायट्राइड हा पदार्थ सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त विद्युतदाब सहन करतो. त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर लहान करता येतो आणि तो झटकन उघडतो व मिटतो. याच पदार्थापासून निळा एलईडी घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातल्या पांढऱ्या बल्बचे मूळही त्या निळ्या प्रकाशातच आहे. आधी उजेड देणारा हा पदार्थ आता चार्जरचे वजन उतरवतो आहे.

मोठा चार्जर लावला तर लहान फोन जळेल, ही भीती मात्र सोडून द्यावी. टाइप-सी पद्धतीचा चांगला चार्जर सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट देतो; फोनने मागणी केली, तरच तो 9 किंवा 20 व्होल्टपर्यंत चढतो. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना हेच तोंड सक्तीचे केल्यामुळे जगभर त्याचा प्रसार वाढला.

वीज चिरण्याची हीच विद्या आता छतावरच्या पंख्यातही आली आहे. साधा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. इन्व्हर्टरही जास्त वेळ तग धरतो. पण त्या दुरुस्तीवाल्यांनी मला नाण्याची दुसरी बाजू दाखवली. 2019 च्या महापुरात बुडालेले काही साधे पंखे त्यांनी वाळवून, वार्निश देऊन पुन्हा फिरवले होते. बाकीच्यांचे वाइंडिंग नव्याने केले. नव्या बीएलडीसी पंख्यातली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी त्यांनी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर राळेचा जाड थर ओतलेला होता. “साहेब, यात सोल्डरिंगचं टोक शिरवायलाही जागा नाही,” ते म्हणाले. ओलाव्यापासून बचाव व्हावा म्हणून हा थर देतात हे खरे. तरी पट्टी सुटी मिळत नसेल, तर बिलात वाचलेले पैसे नव्या पंख्यात जातात. म्हणून पंखा घेताना तारांकनाबरोबर पट्टी बदलून मिळेल का, हेही विचारावे.

शेवटची गोष्ट थेट आपल्या रेडिओची. सेकंदाला लाखभर वेळा वीज तोडणारे यंत्र स्वतःच एक लहानसे प्रक्षेपक होऊन बसते आणि त्याचे पडसाद मध्यम लहरींच्या पट्ट्यात ऐकू येतात. चांगला निर्माता हा गोंगाट अडवण्यासाठी चार्जरमध्ये फिल्टर बसवतो, स्वस्त मालात नेमका तोच गाळलेला असतो. मध्यम लहरींवर हे भाषण ऐकताना आपल्याला सतत खरखर येत असेल, तर जवळचा चार्जर प्लगमधून काढून पाहावा. खरखर थांबली नाही, तर खोलीतला एलईडी बल्ब बंद करून पाहावा. दोन्हींपैकी जो अपराधी सापडेल, त्याला रेडिओपासून दूर, दुसऱ्या खोलीत हलवावे.

नमस्कार.