घसरलेला संघ सावरतो का?

मंडळी, 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाच्या नावावर 55 विजय होते आणि 63 पराभव. प्लेऑफची शेवटची जागा दहा सामने पुढे होती. फॅनग्राफ्स ही आकडेमोड करणारी साइट सांगत होती की हा संघ प्लेऑफमध्ये जाण्याची शक्यता 0.2 टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. मी डेट्रॉइटजवळ राहतो. आमच्या भागात गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारी बरीच मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या मुलांनी आईवडिलांना हा खेळ शिकवलाय. माझंही तसंच झालं. त्या आठवड्यात माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, आता बघायचं कशाला?" आजचं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी या खेळाचा स्वभाव सांगतो, कारण क्रिकेटच्या सवयीने पाहिलं तर घसरण आपल्याला आहे त्याहून भयंकर वाटते. आयपीएलच्या साखळीत संघाला 14 सामने मिळतात. मुंबई इंडियन्सने 2015 मध्ये पहिले चारही सामने गमावले आणि तरी ट्रॉफी जिंकली, तेव्हा आपण तो चमत्कार मानला. बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा असतो, जवळजवळ रोज एक. उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो. उत्तम बॅटर दहापैकी सात वेळा अपयशी होऊन परततो. शिवाय सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पाच-सहा दिवसांतून एकदाच येतो, त्यामुळे सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ खरं तर एक नसतोच. अशा खेळात पडता काळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

किती येतो, ते मोजता येतं. समजा संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. पहिल्या 50 सामन्यांत त्याला 19 किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता शंभरात सहाच्या आसपास येते. संघ आहेत 30. म्हणजे सगळे तोडीस तोड असले, तरी दरवर्षी एखाददुसरा संघ केवळ नशिबाने तिथे जाऊन बसेल. पूर्ण हंगामाचं गणित मांडलं तर हाच मध्यम संघ सरासरी 81 सामने जिंकेल, पण 75 आणि 87 यांच्यामध्ये कुठेही सहज जाईल. 75 ला घरी बसावं लागतं. 87 ला बहुधा प्लेऑफ मिळतो.

19 हा आकडा मी उगाच घेतला नाही. 2019 साली 23 मेच्या रात्री वॉशिंग्टन नॅशनल्स 19 विजय, 31 पराभव अशा अवस्थेत होते. न्यूयॉर्कला मेट्सकडून ओळीने चार सामने हरले होते आणि व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांना हाकला, अशी ओरड सुरू होती. मालकांनी त्यांना हाकललं नाही. उरलेल्या 112 पैकी 74 सामने संघाने जिंकले, वाइल्ड कार्डची जागा, म्हणजे गटात पहिला न येताही मिळणारी प्लेऑफची जागा, मिळवली आणि शेवटी ह्यूस्टनला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सीरीज, म्हणजे अंतिम लढत, जिंकली.

ही गोष्ट सांगताना लोक जिद्द, एकी, ड्रेसिंग रूममधली गाणी याबद्दल बोलतात. ते खोटं नाही. पण मला त्याआधीचा एक्सरे पाहावासा वाटतो. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ट्रे टर्नरचं बोट मोडलं होतं. अँथनी रेंडन आणि हुआन सोतो हेही मध्यंतरी जखमी होते. शर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन हे सुरुवातीचे पिचर मात्र धडधाकट होते. दुखणं होतं ते सामन्याच्या नऊ इनिंग्जपैकी शेवटच्या सांभाळणाऱ्या राखीव पिचरांचं, ज्यांना बुलपेन म्हणतात. जखमी माणसं परतली आणि जुलैअखेर टोरांटोकडून डॅनियल हडसनला आणलं. वर्ल्ड सीरीजचा शेवटचा बॅटर बाद केला तो याच हडसनने. म्हणजे मे महिन्यात गुणतक्ता संघाची जी किंमत सांगत होता, त्याहून संघ बराच चांगला होता. घसरलेल्या संघाकडे पाहताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: मूळ माणसं शाबूत आहेत का, आणि सामने किती उरलेत?

डेट्रॉइटने मात्र माझी ही पट्टी मोडली, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो.

जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. आशा सोडलेले संघ तेव्हा चांगले खेळाडू विकतात. डेट्रॉइटनेही विकले. त्यांचा दुसऱ्या क्रमांकाचा पिचर जॅक फ्लॅहर्टी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, आणखी काहीजण इतरत्र गेले. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. घरातली भांडी विकायला काढल्यासारखं. भरवशाचा मोठा पिचर एकच उरला, डावखुरा टॅरिक स्कुबल.

व्यवस्थापक ए. जे. हिंच यांनी मग उरलेल्या माणसांचा निराळा उपयोग केला. नेहमीची पद्धत अशी की एका पिचरने पाच-सहा इनिंग्ज टाकायच्या. पण तोच पिचर सामन्यात तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरला त्याचा चेंडू ओळखीचा होतो आणि मार बसू लागतो. हिंचने ती तिसरी भेट होऊच दिली नाही. स्कुबलचा दिवस सोडला तर बहुतेक दिवशी एक जण एक-दोन इनिंग्ज टाके, मग दुसरा, मग तिसरा, कधी सहा-सात जण. याला त्यांनीच नाव दिलं होतं 'पिचिंग केऑस', पिचिंगचा गोंधळ. माझ्या मते तो नीट विचारपूर्वक घातलेला गोंधळ होता. त्यात कुणी नामांकित नव्हतं, पण दोन इनिंग्जपुरता जवळजवळ प्रत्येक जण चांगला होता.

आणि पार्कर मेडोज. हा तरुण सेंटर फील्डर वसंतात इतका हरवला होता की त्याची सरासरी .096 होती, म्हणजे दहा प्रयत्नांत एक यशही नाही. मे महिन्यात त्याला खालच्या संघात, टोलेडोला पाठवलं. ऑगस्टमध्ये तो परतला तो निराळाच होऊन. 5 सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये नववी इनिंग चालू होती, डेट्रॉइट 0-3 ने मागे, दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं, आणखी एक स्ट्राइक पडला की सामना संपला. मेडोजने चेंडू कुंपणाबाहेर मारला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. 4-3. आमच्या घरी त्या रात्री शेजाऱ्यांनी दार वाजवावं इतका आवाज झाला.

10 ऑगस्टनंतरच्या 42 पैकी 31 सामने जिंकून 27 सप्टेंबरला डेट्रॉइटने जागा पक्की केली. समोर शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ होता. त्याच संध्याकाळी त्यांचा 121 वा पराभव झाला, आधुनिक बेसबॉलमधला नवा विक्रम. एकाच मैदानावर दोन टोकं! टायगर्सचे एकूण विजय 86.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर हे भाषण खोटं ठरेल. डेट्रॉइटला वाट मिळाली ती मिनेसोटा ट्विन्स कोसळले म्हणून. ऑगस्टच्या मध्यावर 70 विजय, 53 पराभव असलेला तो संघ नंतर 39 पैकी फक्त 12 सामने जिंकला. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सचं तेच झालं. जूनच्या मध्यावर 45 विजय, 24 पराभव आणि शेवटी 83 वर गाडी थांबली. सिनसिनाटीचेही 83 होते, आपसांतल्या सामन्यांच्या निकषावर सिनसिनाटी आत गेलं. मेट्स सावरले असते तर मी त्यांचं नाव वरच्या यादीत घेतलं असतं. बहुतेक घसरलेले संघ घसरलेलेच राहतात. आपल्या लक्षात राहतात ते उठलेले. 2022 पासून 12 संघांना प्लेऑफ मिळतो, त्यामुळे दार रुंद झालंय एवढं मात्र खरं. 1914 मध्ये जुलैच्या सुरुवातीला तळाला असलेल्या बोस्टन ब्रेव्ह्सना लीगमध्ये पहिलंच यावं लागलं होतं, आणि ते आले.

ब्रेव्ह्सनी तेव्हा 15 सामन्यांची पिछाडी भरून काढली होती. हा विक्रम 2025 पर्यंत टिकला. तो मोडला क्लीव्हलंड गार्डियन्सनी. जुलैमध्ये ते ओळीने दहा सामने हरून बसले होते आणि अग्रस्थानापासून साडेपंधरा सामने मागे पडले (दोन संघांचे सामने सारखे झालेले नसले की हिशेबात असा अर्धा येतो). सट्टेबाजीच्या चौकशीमुळे दोन पिचर रजेवर पाठवले गेले, त्यांतला एक त्यांचा मुख्य क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर. तरी 88 विजय मिळवून त्यांनी डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. अग्रस्थानी होतं कोण? आमचं डेट्रॉइट. सप्टेंबरच्या अखेरीस ओळीने आठ सामने हरलं. मुलगी रडली. मीही नीट जेवलो नाही.

पण शेवटच्या शनिवारी बोस्टनमध्ये 2-1 असा सामना जिंकून डेट्रॉइट वाइल्ड कार्डने आत गेलं. 87 विजय, क्लीव्हलंडहून एकच कमी. आणि पहिल्या फेरीत गाठ पडली क्लीव्हलंडशीच, त्यांच्याच मैदानावर. एकीकडे इतिहासातली सर्वांत मोठी पिछाडी भरून काढलेला संघ, दुसरीकडे महिनाभर गडगडत आलेला. तीन सामने झाले. दोन डेट्रॉइटने जिंकले.