सेंटर चुकलंय तुझं

बेळगावचा किल्ला. कमल बस्तीत, म्हणजे इथल्या जुन्या जैन मंदिरात, अजून ऊन शिरलेलं नाही. माझे मामा एका खांबापुढं उभे आहेत. चष्मा कपाळावर, नाक दगडापासून वीतभर लांब. त्यांची सारी नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, गेली. बस्ती कुणी बांधली, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "टर्निंग आहे बघ हे. नुसत्या छिन्नीनं एवढी गोल खाच पडायची नाही."

बांधली ती रट्ट राजांच्या काळात, १२०४ साली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं.

असे खांब मी संगणकावर कातायला बसलोय. सबंध खांब काढायचाच नाही. त्याच्या कडेची एक रेघ काढायची. इथं फुगवटा, इथं खाच, वर घंटेसारखा घेर. ती रेघ अक्षाभोवती फिरवली की खांब उभा. कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये या कमांडचं नावही लेथच! रेघेवरचा एक बिंदू ओढला की सगळ्या खांबांचे फुगवटे एकदम बदलतात. हे सुख त्या कारागिराला कुठलं?

माझा पहिला खांब मात्र पोकळ निघाला, पाण्याच्या पाइपासारखा. मामा स्क्रीनकडं बघून हसले. "सेंटर चुकलंय तुझं." खरंच, रेघ अक्षापासून जरा लांब राहिली होती.

नक्षीमागचा नियम लिहायचा, नक्षी यंत्रानं काढायची. तिकडं गदगजवळच्या डंबळमधल्या दोड्डबसप्पा मंदिराचा आराखडा बघा. एकच चौरस, मध्य न हलवता १५-१५ अंशांनी फिरवत नेला, की सहा चौरसांतून २४ टोकांची चांदणी उमटते.

आता मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली झुकलंय. पाकळ्या ७२, तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या, असं इथं सांगतात. मी पाकळी एकच घडवतो आणि वेढ्यात किती बसवायच्या तो आकडा देतो. पण येणारं कमळ इतकं नेमकं, की प्लास्टिकचं वाटतं. म्हणून प्रत्येक पाकळीला मी थोडा बाक देतो, कमीजास्त, यंत्राच्या मर्जीनं.

मामांना हे अजिबात पटलेलं नाही. "चूक अशी वाटून देतात होय रे? त्या कारागिरानं तर सरळच करायला घेतलं असणार की."

यावर माझ्याकडं उत्तर नाही. मामा पुन्हा खांबाकडं वळलेत. खिशात मापायचा व्हर्नियर आहे, पण रखवालदार बघतोय.