कोंब कुठवर आलाय?

नमस्कार, श्रोतेहो. थंडीची लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत येतो आणि निफाडकडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पट्ट्यात बांधावर बांबू लावायचा म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हा किती थंडी सोसतो?’ मी उलट विचारतो, थंडी येईल तेव्हा त्याचा कोंब कुठवर आलेला असेल?

बेटानं वाढणारे आपले बांबू पावसाळ्यात कोंब काढतात. जुलैचा कोंब दिवाळीपर्यंत उंच होतो, पण काठी आतून कोवळी, पाणीदार असते. सप्टेंबरात निघालेल्याचं तर विचारूच नका. दव गोठलं की आधी तोच जातो. चीन-जपानकडचे धावत्या मुळांचे बांबू वसंतात फुटतात, त्यांच्या काठीला हिवाळ्याआधी अख्खा उन्हाळा मिळतो. पण ते शेजाऱ्याच्या रानातही निघतात, आणि बांधावरून आपल्याकडे भांडणं काय कमी आहेत? फार्जेशिया नावाचा चिनी डोंगरातला बांबू बेटानंच वाढतो, उणे वीसलाही तगतो. नाशिकचा मे महिना मात्र त्याला झेपायचा नाही.

माझं मत मानवेलीला. लाठ्यांची ती भरीव काठी. ही शिवालिकच्या पायथ्यालाही रानात उगवते, तिथल्या हिवाळ्याची तिला सवय आहे. कोरड्या दिवसांत ती स्वतःच पानं गाळते, त्यामुळे थंडीनं पानं करपली तरी फार बिघडत नाही. कोकणातला माणगा बिनकाट्याचा, देखणा, पण त्याला घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला जागा द्या. नुसतं कुंपण हवं असेल तर मल्टिप्लेक्स नावाचा बारीक काठीचा बांबू पाहा, थंडीला तो चांगलाच चिवट.

जातीइतकीच जागा बघा. मी मानवेलीचीच रोपं निम्मी वरच्या बांधावर, निम्मी ओढ्याकाठच्या खोलगटात लावली होती. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. जानेवारीत एका सकाळी खालची सगळी भाजल्यासारखी तपकिरी, वरची हिरवीगार! मी घाबरून खालच्या काठ्या बुडापासून छाटल्या. ती घाईच झाली. मार्चपर्यंत थांबून नखानं साल खरवडून बघायला हवी होती. आत हिरवं असतं तर काठी राखता आली असती.

म्हणून रोप पहिल्या पावसातच लावा, म्हणजे थंडीआधी कंदाला चार-पाच महिने मिळतील. गणपतीनंतर युरिया बंद. डिसेंबरात बुडाशी पाचटाचा जाड थर द्या, आणि लाटेचा अंदाज आला की संध्याकाळी पाणी सोडा. ओली जमीन रात्री जरा ऊब धरते.

खोलगटातल्या माझ्या रोपांचे कंद मेले नव्हते. जूनमध्ये त्यांतून करंगळीएवढे कोंब आले. बांधावरचे तोवर मनगटाएवढे झाले होते.